भेंडवळ: घटमांडणीची रात्र आणि घाटाखालच्या पावसाचा हिशेब

आदला दिवस: नांदुरा, पूर्णेचा पूल, जळगाव जामोद

भेंडवळ हे बुलडाणा जिल्ह्यातलं गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी इथे वावरात घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे तो बघून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात, तीच घटमांडणी. या जिल्ह्याचे इथल्या बोलण्यात दोन भाग आहेत, घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. नांदुरा-जळगाव जामोदचा सपाट मुलूख त्याच्या निम्म्याहूनही खाली. म्हणून बुलडाण्यात 39 अंश असताना पूर्णेच्या काठी पारा 43 च्या पुढे गेलेला असतो. मोबाईलवर ‘बुलडाणा’ टाकून हवामान बघायचं आणि भेंडवळला निघायचं, असं करू नका. अंदाज घाटावरचा मिळतो आणि ऊन घाटाखालचं लागतं. जवळचं ठिकाण हवं असेल तर अकोला किंवा शेगाव बघावं.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर नांदुऱ्याला उतरलं की पुढचा प्रवास सरळ आहे. महामार्गालगतची 105 फुटी हनुमानाची मूर्ती मागे टाकून रस्ता उत्तरेला वळतो, येरळीजवळ पूर्णेचा पूल लागतो आणि मग समोर सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. एसटी आहे, काळीपिवळी आहे. जळगाव जामोदला मुक्कामाची साधी सोय होते. भेंडवळ हे याच तालुक्यातलं गाव. घटमांडणीच्या दोन दिवसांत रस्त्यावर गर्दी असते, तेव्हा खोली आधी सांगून ठेवलेली बरी.

पुलावर पाच मिनिटं थांबण्यासारखं आहे, कारण या मुलखाची सगळी गोष्ट खाली दिसते. पूर्णेचं खोरं खचलेल्या जमिनीत नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळानं भरलेलं आहे. हा गाळ खोल आहे, चिकण आहे आणि त्यातलं भूजल खारं आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला असा पट्टा सुमारे 4.7 लाख हेक्टरांचा. त्याला खारपाण पट्टा म्हणतात. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही. सोडियम जास्त असल्यानं मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, वरचा थर बसतो, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. घरात या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही. पिण्याचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून 140 गावांच्या नळयोजनेनं येतं. खारं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे.

थोडक्यात, इथे विहिरीचा आधार नाही. पेरणी चुकली तर मोटार चालू करून पीक वाचवता येत नाही. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही साडेतीन महिन्यांत, आणि त्यात दोन-तीन आठवड्यांचा खंड जवळपास ठरलेला. ज्या गावाचं सगळं वरच्या पाण्यावर, त्या गावात पावसाचं भाकीत हा सण होतो, यात नवल वाटू नये.

*जाणाऱ्यांसाठी:* दुपारी बारा ते चार बाहेर फिरू नये. डोक्याला रुमाल किंवा शेला, प्रत्येकी तीन लिटर पाणी, आणि सोबत मीठ-साखर. रात्री नऊनंतरच हवा जरा हलते. या दिवसांत संध्याकाळी अचानक वावटळ उठते आणि वळवाचा पाऊस गारांसकट येऊ शकतो.

अक्षय्य तृतीया: संध्याकाळची मांडणी

तारीख दर वर्षी पंचांगात बघावी. 2024 मध्ये अक्षय्य तृतीया 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. घाटाखाली खानदेशाची हवा असल्यानं बरेच जण या सणाला आखाजीच म्हणतात. सकाळी घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात. जेवायला पुरणपोळी, आमरस, कुरडई आणि आंबट-गोड चिंचवणी. पाहुण्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. दुपारचं हे जेवण पोटभर झालं की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, तेवढा वेळ सावलीत काढावा.

घटमांडणीची परंपरा साडेतीनशे वर्षांची मानतात. ती चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली आणि वाघ घराण्यातच ती चालत आली आहे. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे मोजक्या माणसांत मांडणी झाली, पण थांबली नाही. सूर्य कलला की लोक गावाबाहेरच्या वावराकडे निघतात. बुलडाणा, अकोला, जळगाव, तर काही मध्य प्रदेशातूनही आलेले असतात. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे कास्तकार, पांढरं धोतर किंवा पायजमा, खिशात छोटी वही. तरुण आहेत, ते मोबाईलवर चित्रण करतात.

मांडणी अशी होते. वावरात गोल आखून घट तयार करतात. मधोमध खड्डा घेतात. खड्ड्यात मातीची चार ढेकळं ठेवतात. ती जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या पावसाच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्यानं भरलेली मातीची घागर. घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, करंजी, सांडोळी, कुरडई. जवळ विड्याचं पान आणि सुपारी. आणि घटाच्या कडेनं गोलाकार अठरा धान्यांच्या छोट्या राशी: गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाटाणा, लाख, तीळ, जवस, करडी, भादली, अंबाडी, सरकी वगैरे.

या यादीत एका जुन्या शेतीचा नकाशा आहे. भादली आता क्वचितच कुणी पेरतो. लाखेच्या डाळीच्या विक्रीवर राज्यात कित्येक वर्षं बंदी होती. जवस आणि अंबाडी धुऱ्यावर एखाद्या ओळीपुरती उरली. आज घाटाखालच्या वावरात प्रामुख्यानं पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, तूर आणि रब्बीत हरभरा दिसतो. घटाभोवती उभं राहून वयस्कर माणसाला एकेका राशीचं नाव विचारलं, की कोणतं धान्य कोणत्या जमिनीत कधी पेरत होते हे तो सांगत जातो. घटमांडणीला येऊन ज्यांनी हे विचारलं नाही, त्यांनी निम्मी मांडणी पाहिलीच नाही.

प्रत्येक वस्तूला अर्थ आहे. पुरी म्हणजे पृथ्वी. सांडोळी-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. भादली रोगराईची, करडी संरक्षणाची. पान म्हणजे राजा आणि सुपारी म्हणजे त्याची गादी. 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू होती, तेव्हा राजकीय भाकीत टाळण्यात आलं.

मांडणी झाली की सगळे परततात. रात्री घटाजवळ कोणी थांबत नाही, हा नियम आहे आणि तो पाहुण्यांनीही पाळायचा. घटाच्या आत पाय टाकू नये, राशींना हात लावू नये. जवळून फोटो हवे असतील तर मांडणी सुरू होण्याआधी विचारून घ्यावं.

दुसरी पहाट: भाकीत

सूर्योदयाआधी पोचायचं तर साडेचारला निघावं. ही वेळ दिवसातली सगळ्यात थंड. काळ्या रानावर चालताना भेगा सांभाळाव्या. हाताचा पंजा जाईल एवढ्या रुंद भेगा या महिन्यात पडलेल्या असतात आणि अंधारात पाय मुरगळतो. विजेरी हवीच.

उजाडू लागलं की वाघ घराण्यातले जाणते घटाचं निरीक्षण करतात. कोणतं ढेकूळ किती ओलं झालं, त्यावरून तो महिना. धान्याचे दाणे राशीतून सरकले का, किती विखुरले, त्यावरून ते पीक: चांगलं, साधारण, मोघम. पुरी, पापड, करंजी जागेवर आहेत की हलली, त्यावरून बाकीचं. मग जमलेल्यांसमोर मोठ्यानं सांगितलं जातं. जूनमध्ये पाऊस कमी, जुलैमध्ये साधारण, ऑगस्टमध्ये भरपूर, अवकाळीही येईल, असं त्याचं रूप असतं. लोक ते वहीत उतरवून घेतात. दुपारपर्यंत ते वऱ्हाडभर पोचतं आणि पुढचे पंधरा दिवस कृषी केंद्राच्या ओट्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच विचारणा चालते: ‘काय निघालं मांडणीत?’

इथे स्पष्ट बोलायला हवं. भाजलेल्या मातीच्या घागरीतून पाणी पाझरतं ते मातीच्या पोतानुसार. घागरीची बुडाकडची जाडी सगळीकडे सारखी नसते, भाजणीत कुठे छिद्रं जास्त राहतात, खालची जमीन कुठे जास्त कोरडी असते. त्यामुळे चार ढेकळं कधीच सारखी भिजत नाहीत. एक तरी जास्त ओलं आणि एक तरी कोरडं निघणारच. दाणे हलतात ते वाऱ्यानं, मुंग्यांनी, उंदरांनी आणि पहाटेच्या पाखरांनी. ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात किती कमी दाबाचे पट्टे तयार होऊन विदर्भावर येतील, याचा त्या रात्रीच्या ओलाव्याशी संबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीनं या मांडणीवर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत आणि ते योग्य आहेत.

पण म्हणून इथे जायचं कारण संपत नाही. बियाणं विकत घेण्याच्या सुमाराला हजारो कास्तकार एका गावात जमतात, आणि तूर वाढवायची की पऱ्हाटी, चाऱ्याचं काय, उधारी किती, यावर रात्रभर बोलतात. अशी दुसरी जागा सांगा. माझं म्हणणं एवढंच की या मेळ्याला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, ते उत्तर आता जवळच, मोजून आणि फुकट मिळू शकतं. ते वाचायचं कसं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

त्याच दिवशी दुपारी: जळगाव जामोद, अंदाज वाचण्याची रीत

जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. विद्यापीठातून हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि पिकानुसार काय करावं हे असतं. 2024 मध्ये देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली, त्यामुळे हा सल्ला आता विद्यापीठाच्या केंद्रांवरच जास्त अवलंबून आहे. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत मिळतो. 24 ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतीच्या नावानंही पाच दिवसांचा अंदाज सुरू झाला. ‘मेरी पंचायत’ ॲपमध्ये भेंडवळसारख्या गावाचं नाव निवडून तो पाहता येतो. हा बदल मोठा आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. हवामानाचं गणित ज्या चौकटींवर चालतं त्या काही किलोमीटर रुंद असतात. शेजारच्या दोन गावांना एकच आकडा दिसला तर तो बिघाड समजू नये.

अंदाजाची भाषा समजली नाही तर अंदाज चुकला असं वाटतं. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून येतो. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ 51 ते 75, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याहून जास्त. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा इशारा पिवळ्या रंगात आला आणि आपल्या वावरात थेंब पडला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही. चारातल्या तीन गावांत असंच होणं अपेक्षित आहे. पेरणीसाठी बघायचे शब्द ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश’ हे. लागोपाठ दोन-तीन दिवस ते आले, तर झड लागण्याची आशा धरावी.

‘मुसळधार’ यालाही आकडा आहे. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. महसूल खातं एखाद्या मंडळात, म्हणजे दहा-पंधरा गावांच्या गटात, 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असाच पाऊस कोसळला, सातपुड्यातून आलेल्या नाल्यांनी पात्रं सोडली आणि वावरं मातीसकट खरडून गेली.

आता मुदतीचं. एप्रिलच्या मध्याला येणारा दीर्घकालीन अंदाज सबंध देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो. सरासरी 87 सेंटिमीटर, आणि 96 ते 104 टक्क्यांना सर्वसाधारण म्हणतात. त्यावरून एका गावानं पीक ठरवू नये. देशात 103 टक्के आणि संग्रामपुरात 70 टक्के, हे एकाच वर्षी घडू शकतं. दोन आठवड्यांपलीकडचा कल दर गुरुवारी निघतो. खंड पडणार का, याचा अदमास घ्यायला तो उपयोगी. पाच दिवसांचा अंदाज फवारणी, खत आणि पेरणीसाठी. आणि तीन तासांचा तातडीचा इशारा जिवासाठी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज कडाडत असेल तर आधी सूचना देतं. वळवाच्या दिवसांत वावरात काम करणाऱ्यानं ते फोनमध्ये ठेवावंच. इशारा आला की झाडाखाली थांबू नये, लोखंडी अवजार टाकून द्यावं, पक्क्या घरात जावं. घर लांब असेल तर मोकळ्या जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं होऊ नये.

संध्याकाळी जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी मिळाली तर सोडू नका. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा रोडगा फोडून त्यात तूप सोडतात. भाजी तिखट असते, आधी सांगितलं तरी फारशी कमी होत नाही.

पुढचा दिवस: पायथ्याची गावं, पाऊस मोजायचा कसा

सकाळी लवकर सातपुड्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरात जमीन बदलते. डोंगरातून वाहून आलेले दगड-गोटे आणि वाळू पायथ्याशी साठली आहे. तिच्यात पाणी मुरतं आणि ते गोड असतं. म्हणून इथे संत्र्याच्या बागा दिसतात, विहिरींवर मोटारी चालतात, आणि त्याच तालुक्याच्या दक्षिणेला खारपाणात बागा दिसत नाहीत. वर डोंगरात भिलाला, बारेला, कोरकू या आदिवासींच्या वस्त्या. एका तालुक्यात पाण्याच्या अशा दोन तऱ्हा बघायला मिळतात. गोड्या पट्ट्यातही उपसा जास्त झाल्यानं विहिरी खोल खोल जात आहेत.

पाऊसही इथे एकसारखा पडत नाही. डोंगराला अडून पायथ्याशी सरी जास्त वेळा येतात, पूर्णेकडे कमी. दर महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं केलेलं आहे, त्याला ‘महावेध’ म्हणतात. पण एका मंडळात दहा-पंधरा गावं येतात आणि वळवाची सर दोन किलोमीटरमध्ये संपते. शिवाय या यंत्रात पाऊस मोजणारं छोटं झुलतं भांडं असतं. फार जोराच्या पावसात ते भरून उलटेपर्यंत थोडं पाणी निसटतं आणि नोंद कमी येते. गाळणीत कोळ्याचं जाळं किंवा पाखरांची विष्ठा अडकली तर पाऊस संपल्यावर तासभर ‘पाऊस’ दिसत राहतो. म्हणून गावानं आपला मापक ठेवावा.

साधा मापक असा बसवतात. सरळ भिंतीचा, वरून-खालून सारख्या व्यासाचा डबा घ्यायचा. निमुळती बादली चालत नाही, तिच्यात उंची आणि पाऊस जुळत नाही. तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि अगदी समपातळीत. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं, नाहीतर वारा आणि आडोसा पाऊस खातो. पत्र्याखाली किंवा गच्चीच्या कठड्याजवळ ठेवू नये. रोज सकाळी 8:30 वाजता पट्टीनं मिलिमीटरमध्ये उंची मोजायची, लिहायची, डबा रिकामा करायचा. काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, कारण हवामान खातं तसंच लिहितं. हे न कळल्यानं गावची आणि सरकारी नोंद एका दिवसानं सरकते आणि भांडणं होतात. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर पावसाचा दिवस धरतात. एक मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे 4,047 लिटर पाणी.

आता त्या आकड्यांचा उपयोग. मृग 7-8 जूनला लागतं. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. मधल्या काळात वळवाची 30-40 मिलिमीटरची एक सर पडते, मातीचा वास सुटतो आणि तिफणी बाहेर निघतात. जूनच्या सुरुवातीला उघड्या जमिनीवरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाऊ शकतं. भेगाळलेल्या काळ्या रानात त्या सरीचं बरंचसं पाणी भेगांतून खाली उतरलेलं असतं, दाण्याभोवती राहत नाही. चार-पाच दिवसांत वरचा थर कोरडा, दाणा फुगून थांबतो आणि कुजतो, किंवा उगवलेला कोंब करपतो. मग दुबार पेरणी. बियाणं, खत, मजुरी सगळं परत. म्हणून कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ती सरळ बेरीज गावच्या मापकावर करता येते, मात्र आठ-दहा दिवसांतल्या पावसाचीच करावी. मे महिन्यातल्या गारपिटीचं पाणी त्यात मिळवू नये.

बेरीज झाली तरी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायचा. कुदळीनं वीतभर खणून माती मुठीत दाबावी. गोळा झाला आणि बोटानं फुटला तर वाफसा आहे. गोळा चिकटून राहिला तर एक-दोन दिवस थांबायचं. खारपाणात हे जास्त सांभाळावं लागतं. ओल्यात तिफण घातली की जमीन दाबते, वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब ती फोडू शकत नाही. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर हेक्टरी 75 किलो पुरतं. त्यापेक्षा कमी उगवले तर प्रमाण वाढवावं लागतं. कपाशी 1 जूनपूर्वी लावू नये, नाहीतर गुलाबी बोंडअळीला लवकर पातं-फुलं मिळतात आणि तिची साखळी तुटत नाही.

खारपाणात पाऊस जास्त झाला तरी पीक जातं, कारण पाणी मुरत नाही, साचतं. त्यावर रुंद वरंबा-सरीची पेरणी उपयोगी पडते. पिकाची मुळं उंचावर राहतात, जादा पाणी सरीतून निघतं आणि कमी पावसात तीच सरी ओल धरते. या जमिनीत शेततळ्यालाही पाझर कमी असतो. त्यात साठलेलं पावसाचं गोडं पाणी ऑगस्टच्या खंडात एका पाळीपुरतं झालं, तरी सोयाबीनच्या शेंगा भरतात.

परतीचा दिवस: शेगाव

जळगाव जामोदहून शेगावला एसटी आहे. गजानन महाराजांच्या मंदिरात या दिवसांत गर्दी मध्यम असते. दुपारी उन्हानं फरशी तापते, दर्शन सकाळी घ्यावं. स्टेशनवरची कचोरी आणि तळलेली मिरची घेऊन गाडीत बसलं की प्रवास संपतो.

जाण्याआधी एक काम करण्यासारखं आहे. मांडणीच्या पहाटे जे सांगितलं गेलं ते त्याच दिवशी, त्याच शब्दांत वहीत तारखेसह लिहून ठेवावं, आणि ‘कमी, साधारण, भरपूर’ यांचे आकडे आधीच ठरवावेत. हवामान खात्याची वाटणी सोपी आहे. महिन्याच्या सरासरीच्या 19 टक्के वर-खालीपर्यंत साधारण, सरासरीपेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त घट असेल तर तूट, तेवढीच वाढ असेल तर अधिक. चार महिने, प्रत्येकाला तीन पर्याय. तिन्हींची शक्यता सारखी धरली तर डोळे मिटून सांगणाऱ्याचेही दोन किंवा अधिक महिने बरोबर येण्याची शक्यता 41 टक्के निघते, म्हणजे पाच वर्षांत दोनदा. एखाद्या वर्षी दोन महिने जुळले म्हणून भाकीत खरं झालं असं म्हणता येत नाही, हे या हिशेबातून दिसतं. कृषी सल्ल्यातल्या पाच दिवसांच्या अंदाजालाही हीच कसोटी लावावी. शुक्रवारी किती मिलिमीटर सांगितला आणि गावच्या डब्यात किती पडला, हे दोन रकाने शेजारी शेजारी.

तालुका आणि मंडळाचा पाऊस राज्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर रोज मिळतो. हंगामाचा हिशेब 1 जूनला सुरू होऊन 30 सप्टेंबरला बंद होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वही उघडायला आणखी एक कारण असतं: खारपाणात हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवरच येतो, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात किती मिलिमीटर पडला ते बघूनच तो किती एकरांत पेरायचा हे ठरतं.